पाठ सातवा, प्रश्न बारावा

४ मार्च

धाकटे,

हे कामाचं पत्र आहे. फाडायचंच असेल तर आधी सोबतची आठ पानं बाजूला काढ, ती ऑफिसची आहेत.

पत्ता तुझ्या सासूबाईंनी दिला. खालच्या चष्म्याच्या दुकानात भेटल्या. मी मागितला नव्हता. त्यांनीच पिशवीतून जुनं पाकीट काढलं, त्याच्या मागे लिहून दिला आणि म्हणाल्या, "दोघी बहिणी सारख्याच हेकट." मी म्हटलं, मी अकरा वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे माझा हेका जास्त मुरलेला. त्या हसल्या नाहीत. तुझे यजमान वर्षभराने तुझ्याकडे आले आणि तुमचं दोघांचं छान चाललंय, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. मला बरं वाटलं. ते लिहून टाकते, म्हणजे राहायला नको.

आता काम. घरबसल्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती निघते आहे. चोवीसच्या चोवीस पाठ नव्याने जुळवणार. इतकी वर्षं जुन्याच प्लेटांवर छपाई चालली होती, एक स्वल्पविराम हलवायचा म्हटलं तरी साहेब कपाळाला हात लावायचे. आता म्हणतात, "बाई, काय बदलायचं ते एकदाच बदला. तीस एप्रिलला माझ्या टेबलावर पाहिजे. मग पुढची वीस वर्षं मला तोंड दाखवू नका." तेवीस पाठ मी करून दिले. सातवा राहिला आहे.

सातवा म्हणजे विशेषनाम आणि त्याच्यापासून झालेलं विशेषण. जपान आणि जपानी, इटली आणि इटालियन. इंग्रजीत दोन्हींचं पहिलं अक्षर मोठं, त्यामुळे शिकणारी माणसं दोन्हींना एकाच खुंटीला टांगतात. पाठाच्या शेवटी बारा वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्यातल्या मोठ्या अक्षराच्या शब्दाखाली रेघ मारायची आणि तो नाम आहे की विशेषण ते लिहायचं. त्यातलं बारावं वाक्य मला काढायचं आहे.

ते कोणतं, हे तुला सांगायला नको. तरी एकदा कागदावर लिहितेच. "शी कीप्स अ स्विस लेटर इन हर ब्लू सोइंग बॉक्स." ती एक स्विस पत्र आपल्या शिवणाच्या निळ्या डब्यात ठेवते.

तुझं पत्र स्वित्झर्लंडचं नव्हतंच. देश मी बदलला होता. डबा बदलायचा राहिला.

तू जाताना दारात विचारलं होतंस, "ताई, मुद्दाम केलंस?" मी म्हटलं होतं, "नाही गं, सवय." तेच आजही लिहिते. वाक्य हवं असलं की मी घरातलं उचलते, हे तुला माहीत आहे. दुसऱ्या पाठात आईचं जर्मन शिवणयंत्र आहे. पाचव्यात तुझ्या यजमानांचे इटालियन बूट जिन्यावर करकरतात. नवा पाठ छापून आला की घरातला प्रत्येकजण आपापलं वाक्य शोधायचा आणि नाही सापडलं तर रुसायचा. तशीच सवयीने गेली ती ओळ.

तर विनंती एवढीच, की बाराव्या क्रमांकाला नवं वाक्य तू द्यावंस. विशेषण असलेलं हवं, नामाची सहा झाली आहेत. बाकी पाठात काही खटकलं तर कडेला लिही. तुझी नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाची असायलाच हवी.

ताई


१५ मार्च

धाकटे,

पहिलं पत्र पोचलं असेल. टपालाला दहा-बारा दिवस लागतात असं खिडकीवरची बाई म्हणाली. घाई नाही. म्हणजे आहे, पण तीस एप्रिलची.

या महिन्यात नुसत्या सातव्या पाठाची सत्तेचाळीस पाकिटं आली. सगळी तपकिरी, सगळ्यांवर माझा पत्ता, आणि एकही मला लिहिलेलं नाही. पत्ता ऑफिसच्या शिक्क्याने छापलेला असतो, "परीक्षक, विभाग दोन". पोस्टमन जिन्यातूनच ओरडतो, "विभाग दोन, दार उघडा!" नवा आहे. त्याला वाटतं माझं आडनावच ते आहे.

एकशे बारा क्रमांकाचा एक बेकरीवाला आहे. भट्टीजवळ बसून लिहीत असावा, कागदाला पिठाचा हात लागलेला असतो. त्याने सातव्या पाठाच्या उत्तरपत्रिकेवर लिहिलं आहे, "जपान हा घरमालक आणि जपानी हा त्याच्या नावावर राहणारा भाडेकरू. बरोबर का?" नियमाप्रमाणे मला शेऱ्याला दोनच ओळी. मी लिहिलं, "बरोबर. पण भाडेकरूला शेजारी एक नाम लागतंच, एकट्याने तो राहू शकत नाही." पाकीट बंद केल्यावर वाटलं, जरा जास्तच लिहिलं.

सोबतच्या तिसऱ्या पानावर चौकटीत "झाकून बघा" ही युक्ती आहे. मोठ्या अक्षराच्या शब्दापुढचा शब्द बोटाने झाका. "शी वेअर्स अ फ्रेंच" आणि पुढे बोट. वाक्य लटकलं, म्हणजे फ्रेंच हे विशेषण, त्याला हॅट किंवा कोट काहीतरी हवं. "शी टीचेस फ्रेंच ऑन मंडे." इथे फ्रेंचच्या पुढचं सगळं झाकलं तरी वाक्य पायावर उभं, म्हणजे तिथे फ्रेंच हे नाम, त्या भाषेचं नाव. लोकांना हे एका मिनिटात कळतं. ऑफिसात साहेब या चौकटीचं अजून कौतुक करतात. म्हणतात, "बाई, सगळ्या अभ्यासक्रमात एवढीच चौकट मला समजली."

ती युक्ती तुझी होती. तू याच टेबलाशी बसून, कवळीचं मेण लागलेल्या बोटाने, शब्द झाकून दाखवला होतास. मी छापली आणि कुणाची ते कुठे लिहिलं नाही. साहेबांनी कौतुक केलं तेव्हाही गप्प बसले. नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर आभार टाकता येतात का, ते विचारीन.

ही तशी बारीक गोष्ट आहे. पण सुरुवात बारीकपासून केलेली बरी.

ताई


२९ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी सासूबाईंना विचारलं, पत्ता बरोबर आहे ना? म्हणाल्या, "पत्ता बरोबर आहे, तुमचंच काय ते बघा."

आज गुरुवार. तुला वाटेल मी गुरुवार बघून लिहायला बसले. तसं नाही, आज वेळ होता एवढंच.

बरं, बघूनच बसले.

संध्याकाळी साडेपाचला तू यायचीस. प्रयोगशाळेतून परस्पर. येताना जिन्यातच चपला काढून हातात धरायचीस, कारण वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पावलांचा त्रास व्हायचा. चहा व्हायचा. मग तू उत्तरपत्रिकांचा अर्धा गठ्ठा ओढून घ्यायचीस आणि चुका मोठ्याने वाचायचीस, नाटकातल्यासारख्या. ऑफिसच्या नियमाप्रमाणे हे चालत नव्हतं, उत्तरपत्रिका परीक्षकाखेरीज कुणी बघायची नाही. सव्वीस वर्षांत मी मोडलेला तो पहिला नियम. दुसऱ्याबद्दल सांगायचं आहे म्हणून बसले आहे, आणि चहाचं सांगत बसले.

त्या गुरुवारी तू चहा घेतला नव्हतास. शिवणाचा निळा डबा घेऊन आली होतीस, मला वाटलं ब्लाउज उसवलं असेल. दोऱ्याच्या रिळांखालून पत्र काढलंस. परदेशातल्या एका दंतप्रयोगशाळेने तुला बोलावलं होतं, तीन वर्षांसाठी, कवळ्यांच्या विभागाची प्रमुख म्हणून. तू म्हणालीस, "ह्यांना अजून सांगितलं नाही. आधी माझं मन ठरू दे. ते चांगले आहेत, पण सांगितलं की लगेच त्यांचं मत होतं आणि मग मला माझं सापडत नाही." मग पत्र पुन्हा रिळांखाली ठेवलंस आणि म्हणालीस, "ही गोष्ट तुझ्यापाशी ठेव, ताई." मी म्हटलं, "माझ्यापाशीच राहील."

त्याच आठवड्यात ऑफिसला सातव्या पाठाची नवी वाक्यं हवी होती. तेव्हा दरवर्षी एका पाठाची वाक्यं बदलायची पद्धत होती, जुनी उत्तरं लोक एकमेकांना पुरवायचे म्हणून. पुढे ती पद्धत बंद पडली, ऑफिसला झेपेना. म्हणून ते वाक्य नऊ वर्षं तसंच राहिलं.

आणि तुझे यजमान त्या वेळी आपल्याच अभ्यासक्रमाला होते. बढतीसाठी इंग्रजीचं प्रमाणपत्र हवं होतं. क्रमांक तीनशे आठ. तू त्यांची थट्टा करायचीस, "घरात बायकोला घाबरतात आणि पाकिटातून मेहुणीला."

मी पहिल्या पत्रात सवय म्हटलं. वाक्य सवयीने सुचलं, ते खरं आहे. पण मी ते लिहिलं तेव्हा मला माहीत होतं, की ते सहाव्या पाठावर आहेत. पाठ छापून यायला तीन आठवडे लागतात. सहावा पुरा करायला त्यांना तीन आठवडे लागणार होते.

इतकंच आज लिहवतं.

ताई


३१ मार्च

धाकटे,

परवाचं पत्र टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. ते अर्धंच होतं. उरलेलं आज लिहिते, नाहीतर पुन्हा हात आखडेल.

नातेवाइकाची उत्तरपत्रिका तपासायची नाही, असा ऑफिसचा नियम आहे. तीनशे आठ क्रमांक विभाग एककडे जायचा. मी विभाग एकच्या बाईंना म्हटलं, "माझा गठ्ठा जड आहे, तुमचा हलका, या महिन्यात सातव्या पाठाचे द्या इकडे आणि व्याकरणाचे घ्या तिकडे." त्यांनी काही विचारलं नाही. हा दुसरा नियम.

तुझ्या यजमानांची सगळी उत्तरं बरोबर होती. बाराव्या वाक्यात स्विसखाली पट्टीने रेघ मारली होती आणि पुढे लिहिलं होतं, विशेषण. त्याखाली पेन्सिलीने, अगदी बारीक, मराठीत: "ताई, हे पत्र खरंच आहे का?"

त्यांनी डबा उघडला नव्हता. तो घरातच होता, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात, एक हात लांबवला असता तर कळलं असतं. पण ते तसे नाहीत. त्यांनी आधी मला विचारलं.

मला काय काय करता आलं असतं, ते मी नऊ वर्षं मोजते आहे. पेन्सिलीची ओळ खोडरबराने पुसता आली असती. "नाही, नुसतं वाक्य आहे" असं लिहिता आलं असतं, शेऱ्याच्या दोन ओळींत ते मावतं. ती पत्रिका घेऊन चार गल्ल्या चालत तुझ्याकडे येता आलं असतं.

मी त्या पेन्सिलीच्या ओळीपुढे लाल शाईने बरोबरची खूण केली. बारापैकी बारा गुण दिले. पाकीट बंद केलं आणि पेटीत टाकलं.

मधला गुरुवार आला. तू आलीस, चपला हातात घेऊन. चहा घेतलास. म्हणालीस, "ठरतंय हळूहळू माझं. पुढच्या आठवड्यात ह्यांना सांगीन म्हणते." मी म्हटलं, "सांग की, घाई कसली." पाकीट तेव्हा वाटेत होतं. शनिवारी त्यांना मिळालं.

का केलं, हे तू विचारलं नव्हतंस, फक्त मुद्दाम का, एवढंच विचारलंस. तरी सांगते. मला वाटलं ते तुला अडवतील. "जाऊ नकोस" म्हणायची माझी हिंमत नव्हती. तू विचारलं असतंस, का, आणि मला सांगावं लागलं असतं, की गुरुवारी साडेपाचला दार वाजलं नाही तर बाकीच्या सहा दिवसांचं काय करायचं ते मला माहीत नाही. आई गेल्यावर या दोन खोल्यांत माझ्याशी बोलणारं माणूस एकच होतं. ते तोंडाने सांगण्यापेक्षा तुझा संसार हलवणं मला सोपं वाटलं.

त्यांनी तुला अडवलं नाही. ते फक्त म्हणाले, "आधी ताईंना सांगितलंस, मला नाही." हे मला तू सांगितलंस, दारात, बॅग हातात असताना.

महिन्याला चाळीस-पन्नास माणसं त्या वाक्याखाली रेघ मारतात, आणि चाळीस-पन्नास वेळा मी त्याच्यापुढे बरोबरची खूण करते. प्लेट बदला म्हणून साहेबांच्या मागे लागले असते तर कदाचित बदललीही असती. मी कधी लागले नाही. कारण विचारलं असतं त्यांनी.

हो, मुद्दाम केलं.

ताई


१८ एप्रिल

धाकटे,

वाक्य तू पाठवणार नाहीस असं धरून मी स्वतःच करायला बसले. रोज सकाळी तासभर बसते. गेल्या आठवड्यातली ही:

कपाटावर एक चिनी कप आहे.

चिनी कप अजून कपाटावर आहे.

माझ्या शेजाऱ्यांकडे रशियन मांजर आहे. (नाही. शेजाऱ्यांकडे मांजर नाही. शेजारी पण नाहीत, वरचे म्हातारे गेल्या वर्षी मुलाकडे गेले. मी चपला पायात घालून जिना चढते आणि कुणाला त्रास होत नाही.)

व्याकरणाच्या दृष्टीने तिन्ही ठीक आहेत. साहेबांना चालतील. पण मला घरातलं वाक्य उचलायची सवय, आणि घरात उचलण्यासारखं काही घडेनासं झालंय, हे इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. पाठ तेच होते ना, नवं वाक्य कधी लागलंच नाही.

परवा चष्मेवाल्यांकडे गेले. अक्षरं दुहेरी दिसतात म्हणून. त्यांनी यंत्रातून बघितलं आणि म्हणाले, "नंबर तोच आहे, बाई."

"मग दुहेरी का दिसतं?"

"रडता का?"

मी म्हटलं, "हा प्रश्न तुमच्या यादीत असतो?"

"नसतो," ते म्हणाले, "पण डोळे सुजलेत आणि नंबर तोच, तर मी बिचारा काय विचारणार? पैसे नकोत, घरी जा, दोन दिवस लाल शाईला हात लावू नका."

मी दोन दिवस लाल शाईला हात लावला नाही. गठ्ठा बघ केवढा झालाय. म्हणजे, तू कुठून बघणार.

साहेबांचा फोन येऊन गेला. "बाई, सातवा?" मी म्हटलं, "तीस तारीख म्हणालात ना?" ते म्हणाले, "म्हणालो खरा, पण तुम्ही नेहमी पंचवीस तारखेला देता, म्हणून मला पंचवीसचीच सवय." या अभ्यासक्रमात मी एकदाही उशीर केलेला नाही. माझ्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच आहे असं त्यांना वाटतं, आणि ते फारसं चुकत नाहीत.

तू उत्तर लिहावंस म्हणून ते चौथं पत्र लिहिलं नव्हतं. लिहिताना तसं वाटत होतं. आता वाटतं, थोडं त्यासाठीही लिहिलं होतं. सांगायचंच तर सगळं सांगावं.

ताई


२८ एप्रिल

धाकटे,

आज पोस्टमन जिन्यातून "विभाग दोन" ओरडला नाही. वर आला, दार वाजवलं, आणि पाकीट उलटसुलट करत म्हणाला, "हे नाव तुमचंच का? मला वाटलं चुकून आलंय." पांढरं पाकीट. परदेशी तिकिटं. त्याला मी पाणी दिलं, तो नको म्हणत असताना.

आत पत्र नव्हतं. मी पाकीट उलटं करून झटकलं, मग आत बोट घालून बघितलं, मग दिव्यासमोर धरलं. नव्हतं. ती आठ पानंच परत आली होती. मी खुर्चीवर बसले आणि म्हटलं, झालं, ऑफिसची पानं ऑफिसला परत.

मग तिसरं पान उलटलं आणि पेन्सिल दिसली.

तू पाठ सोडवला आहेस. सगळा. एखाद्या विद्यार्थिनीसारखा, प्रत्येक शब्दाखाली पट्टीने रेघ मारून. "झाकून बघा"च्या चौकटीवर मेणाचा एक ठसा आहे. तो तू मुद्दाम उमटवलास की कामावरून येऊन तसंच बसलीस, ते कळायला मार्ग नाही. मी तो पुसणार नाही.

बाराव्या वाक्यावर आडवी रेघ आहे. एकच, बारीक, कापणाऱ्या माणसाची. त्याखाली नवं वाक्य:

"माय सिस्टर्स इंग्लिश हँडरायटिंग हॅज गॉट वर्स."

माझ्या बहिणीचं इंग्रजी अक्षर पूर्वीपेक्षा बिघडलं आहे. आणि इंग्लिशखाली रेघ, पुढे लिहिलंस, विशेषण.

मी आधी पाकिटांवरचे तुझे पत्ते आठवले, घाईघाईने लिहिलेले. मग पाठातल्या कडेच्या दुरुस्त्या बघितल्या. बिघडलं आहे. खरंच बिघडलं आहे. मग मी इतक्या जोरात हसले, की खालून चष्मेवाल्यांनी काठीने छत वाजवलं.

शेवटच्या पानावर शेऱ्याची चौकट असते, परीक्षकासाठी. ती मी आधी बघितलीच नव्हती, तिथे दुसरं कुणी लिहील असं डोक्यातच आलं नाही. तुझ्या दोन ओळी अगदी नियमात आहेत:

"चौथं पत्र पोचायला नऊ वर्षं लागली.
तिकडचं टपाल फारच मंद आहे."

गुणांची चौकट तू रिकामी ठेवलीस. ते योग्य आहे. मीही ठेवली असती.

एक सांगते. तिसऱ्या प्रश्नात तू चुकली आहेस. "ही लर्न्ट स्पॅनिश लाइंग इन हॉस्पिटल." तो इस्पितळात पडल्या पडल्या स्पॅनिश शिकला. तू विशेषण लिहिलंस. पुढचं झाकून बघ, वाक्य उभं राहतं, ते त्या भाषेचं नाव आहे. युक्ती तुझी आणि तूच चुकलीस. सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला. मग म्हटलं, ही चूक करणारी नाही. हिने मला तपासायला काहीतरी ठेवलं असावं. तसं नसेल तर नसू दे, मला तसं समजायला आवडतं. पेन खाली ठेवलं.

पक्की प्रत करायला घेतली. अकरा वाक्यं उतरवली. बारावं लिहायला लागले, "माय सिस्टर्स" इथपर्यंत आले आणि थांबले. वाक्य तू दिलंस, मागितलं मी, मग अडचण कसली, असं कुणीही म्हणेल. पण मागितलं तेव्हा तू मला उत्तर देशील हे मला माहीत नव्हतं. हे वाक्य तू पाठासाठी लिहिलंस की मला लिहिलंस? मला लिहिलं असशील, तर ते वीस वर्षं वाटेल त्या माणसाच्या हातात जाईल. बेकरीवाला त्याच्याखाली रेघ मारील. एकदा तुझ्या घरातलं विचारल्याशिवाय छापून झालंय.

म्हणून साहेबांना फोन केला. म्हटलं, "सातवा तीस तारखेला येणार नाही."

साहेबांनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. परवानगी यायची आहे."

"कसली परवानगी?"

"एका वाक्याची."

"वाक्याला परवानगी? कोण देणार?"

"जिचं आहे ती."

"सव्वीस वर्षं तुम्ही कुणाला विचारून वाक्यं लिहिलीत?"

मी म्हटलं, "कुणाला नाही. तेच तर."

त्यांना काय समजलं कोण जाणे. म्हणाले, "वीस मे. त्यापुढे छापखानेवाला माझा जीव घेईल." मी आभार मानले. आणि तिसऱ्या पानावर, चौकटीखाली, युक्ती कुणाची ते छापायचं तर छापू का, हेही विचारलं. ते म्हणाले, "जिची आहे तिला विचारा." माणूस वाटतो तेवढा मठ्ठ नाही.

तर दोन प्रश्न आहेत. वाक्य छापू का, आणि युक्तीखाली "धाकट्या बहिणीची" एवढंच लिहू का. दोन्हींना नाही म्हणालीस तरी चालेल. सातव्या पाठात अकरा वाक्यं राहतील, कुणाचं काही अडणार नाही. बाराव्या आकड्यापुढे मी सध्या कोरी जागा सोडली आहे.

माझं पाचवं पत्र तुझ्या वाटेवर असेल. त्यात एक चिनी कप आहे, मनावर घेऊ नकोस. यजमानांना सांग, की तीनशे आठ क्रमांकाच्या पेन्सिलीच्या ओळीला मी चुकीचं उत्तर दिलं होतं. ते उत्तर खरं असलं, तरी द्यायचा अधिकार माझा नव्हता. बूट अजून करकरतात का, हेही विचार.

या पत्रावरचा पत्ता आणि हे सगळं सावकाश, टेबलावर हात टेकवून लिहिलं आहे. अक्षर लागतंय का ते कळव.

तुझी ताई